रात्रीची सकाळपर्यंत उतरत का नाही?

आषाढ निम्मा सरला की डॉक्टर म्हणून मला येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. आखाडातली जेवणं सुरू होतात, शेताशेतांत रस्सा मंडळांच्या, म्हणजे मटण-रश्श्यासाठी जमणाऱ्या मित्रांच्या टोळ्यांच्या, चुली पेटतात आणि गटारीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर डोकं धरून बसलेली तरणी पोरं दिसतात. म्हणून या वेळी या विषयावरचीच पत्रं एकत्र घेतली आहेत. प्यावं का, असं कुणीच विचारलेलं नाही, तरी माझं मत आधी सांगून टाकते: न पिणाऱ्याचं काहीही बिघडत नाही. पण जो पिणारच आहे, त्याला खरी माहिती मिळाली पाहिजे.

दर शनिवारी मित्राच्या मळ्यात आमचं रस्सा मंडळ बसतं. माझी दीड क्वार्टर होते. जेवायला बारा वाजतात. रविवारी डोकं फुटतं, मळमळतं, दिवस वाया जातो. मित्र सांगतात, आधी लिव्हरची गोळी घे, गंगावेशीत दूध पिऊन ये, सकाळी झणझणीत मिसळ हाण, नाहीतर उतारा म्हणून एक पेग मार. यातलं खरं काय? — वय ३४, शिरोली एमआयडीसी

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: जेवायला बारा वाजतात. म्हणजे नऊला बसलात तरी तीन तास रिकाम्या पोटी पिणं आणि तोंडी लावायला खारे शेंगदाणे नि फरसाण. रिकाम्या पोटातून दारू झपाट्यानं आतड्यात उतरते आणि तिथून रक्तात. पोटात अन्न असलं की हाच प्रवास लांबतो आणि रक्तातलं प्रमाण तेवढं वर चढत नाही. दुधाचा उपयोग असलाच तर एवढाच, आणि तो पेलाभर दुधापेक्षा भाकरी-मटणाच्या जेवणानं जास्त होतो. तेव्हा जेवण आधी करा. मंडळाला हे पटायला जड जाईल, कारण जेवल्यावर बैठक आवरती होते. माझ्या दृष्टीनं तोच त्यातला फायदा आहे.

आता हिशेब. व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्याच्या ३० मिलीच्या एका पेगात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे ६० ग्रॅम; तुमची दीड क्वार्टर ९० ग्रॅमची. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं. नऊ वाजता सुरुवात केली असेल तर सकाळी सहाच्या आधी तुमचं रक्त साफ होत नाही, बऱ्याचदा नऊ-दहा वाजतात. हा वेग कशानंही वाढत नाही. लिंबू, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, मेडिकलमधली लिव्हरची गोळी, कशानंही नाही. गोळी घेतली म्हणून माणूस दोन पेग जास्त मात्र घेतो, हे मी कायम बघते.

मग दुसऱ्या दिवशीचा त्रास कशानं होतो? दारू मेंदूतल्या एका संप्रेरकाला दाबते, त्यामुळे मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत आणि सारखं लघवीला जावं लागतं. तोंड कोरडं पडतं ते त्यामुळे. यकृत दारू मोडताना आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन तयार होतं. जठराच्या अस्तराला सूज येते, म्हणून मळमळ आणि जळजळ. आणि झोप! पिऊन आलेली झोप पहिले काही तास गाढ वाटते, पुढे तुटक होते. तुम्ही आठ तास झोपलात तरी मेंदूचा आराम झालेला नसतो. रम, ब्रँडी, व्हिस्की अशा गडद दारूत इथेनॉलखेरीज इतर घटकही जास्त असतात, त्यामुळे तितक्याच व्होडकापेक्षा त्यांचा त्रास जास्त होतो. पण व्होडकाचीही दीड क्वार्टर ती दीड क्वार्टरच.

तेव्हा असं करा. सातला जेवा किंवा निदान दोन भाकरी पोटात जाऊ द्या. प्रत्येक पेगानंतर तांब्याभर नाही जमलं तरी पेलाभर साधं पाणी प्या. तीन छोट्या पेगांवर थांबा. झोपायच्या दोन-तीन तास आधी शेवटचा घोट झालेला असावा. सकाळी उठल्यावर पाणी, शहाळं, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ओआरएस थोडं थोडं, घोटाघोटानं. मळमळ कमी झाली की नाचणीची आंबील, मऊ भात-ताक किंवा केळं. मिसळ दुपारनंतरही नको. सुजलेल्या जठरावर कटाची तर्री कशाला ओतायची? पांढरा रस्सा घरचा, कमी तिखट असेल तर वाटीभर चालेल, मीठ-पाणी पोटात जाईल तेवढंच. चहा एक कप, पाणी पिऊन झाल्यावर.

उताऱ्याचा पेग अजिबात नको. त्यानं डोकं थोडा वेळ हलकं वाटतं, कारण मेंदू पुन्हा बधिर होतो. यकृतापुढचं काम वाढतं आणि त्रास दुपारवर ढकलला जातो. त्याहून मोठा धोका सवयीचा. त्याबद्दल खाली शेवटच्या पत्रात लिहिलं आहे.

ऑफिसच्या पार्टीत मी सहकाऱ्यांइतकीच घेते, पण सकाळी माझीच अवस्था वाईट असते. आता मी झोपतानाच डोकेदुखीची गोळी घेऊन टाकते. चालेल का? — वय २९, राजारामपुरी

स्त्रीच्या शरीरात त्याच वजनाच्या पुरुषापेक्षा पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच पेगांनी रक्तातलं प्रमाण वर जातं. यात तुमचं काही कमी-जास्त नाही. शरीराची रचनाच तशी आहे. त्यांच्या पेल्याशी तुमचा पेला जुळवू नका.

झोपतानाची गोळी बंद करा. सकाळपर्यंत तिचा असर संपलेलाच असतो, आणि पॅरासिटामॉल व दारू दोन्हींचा भार यकृतावरच पडतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी आधीच चिडलेल्या जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. कधीतरीच पिणाऱ्या, यकृत ठणठणीत असलेल्या माणसानं सकाळी काही खाऊन पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायला हरकत नाही. रोज पिणाऱ्यानं विचारल्याशिवाय घेऊ नये. झोपेची गोळी मात्र दारूबरोबर कुणीच, कधीच घ्यायची नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

गटारीच्या दुसऱ्या दिवशी सलाईन लावलं की तासात ताजंतवानं वाटतं. दरवर्षी लावून घेतो. तोटा आहे का? — कसबा बावडा

अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर. उलट्या थांबत नसतील, घोटभर पाणीही पोटात ठरत नसेल तर सलाईन हवंच, आणि मी स्वतः लावते. पण पाणी पिता येणाऱ्या माणसानं शिरेत सुई टोचून घेण्याचं कारण नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला (चमचा चहाचा). तेच काम होतं. तासाभरात जे बरं वाटतं, त्यात पलंगावर शांत पडून राहण्याचाही मोठा वाटा आहे.

मी मालवाहू टेम्पो चालवतो. रात्री एक क्वार्टर आणि एक स्ट्राँग बिअर झाली तरी सहाला गाडी काढतो. झोप झाली म्हणजे उतरली ना? शुगरची गोळीही चालू आहे. — वय ४८, गांधीनगर

दादा, नाही उतरली. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर म्हणजे चार छोटे पेग. लोक तिला हलकं समजतात. क्वार्टर धरून तुमचे शंभर ग्रॅम होतात. नऊला बसलात तर सकाळी सात ते अकरापर्यंत दारू रक्तात आहे. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. ती ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि पुणे-बंगळूर हायवेवर तुमच्यापुढे दुचाकीवर कुणाचं तरी घरदार चाललेलं असतं. ज्या दिवशी सहाला गाडी काढायची, त्याच्या आदल्या रात्री पिऊ नका.

शुगरचं त्याहून नीट ऐका. दारू मोडण्यात गुंतलेलं यकृत रक्तात साखर सोडायचं काम बाजूला ठेवतं. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि न जेवता झोपलात, तर पहाटे साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, बरळणं, गुंगी. घरच्यांना वाटतं अजून उतरली नाही, झोपू द्या. बायकोला आणि मुलांना आजच सांगून ठेवा: अशा वेळी ग्लुकोमीटरनं साखर बघायची. ७० च्या खाली असेल आणि शुद्धीवर असाल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन.

मित्र एवढा प्याला की उठेचना. आम्ही मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न केला. बरोबर केलं का? — विद्यार्थी, शाहूपुरी

मिठाचं पाणी पुन्हा कुणालाही पाजू नका. अर्धवट शुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाते आणि माणूस गुदमरतो. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित जमिनीकडे ठेवा आणि एकानं शेजारी जागं राहा. हलवून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, ओठ निळसर, अंग गार पडलं असेल, तर ताबडतोब १०८. घरी कळेल म्हणून थांबू नका. दारू कुठली तरी बिनलेबलची असेल आणि दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली तर तोही तातडीचा प्रसंग समजा. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनं.

डॉक्टरताई, आमचे मालक रोज पितात. सकाळी हात एवढे कापतात की चहाची बशी धरवत नाही. थोडी पोटात गेली की कापणं थांबतं. ते म्हणतात रात्रीचा हँगओव्हर आहे. आता सासूबाईंनी जोतिबाला शपथ घालून गटारीनंतर खोलीत कोंडून एकदम बंद करायचं ठरवलंय. एकानं जेवणात मिसळायची पावडरही दिली आहे. काय करू? — कागल तालुका

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. हा हँगओव्हर नाही. हँगओव्हर दारू जास्त झाल्यानं येतो आणि दिवसभरात आपोआप ओसरतो. मालकांचे हात कापतात ते रात्रभर दारू न मिळाल्यामुळे. बरीच वर्षं रोज प्यायल्यावर मेंदू दारूच्या जोडीनंच चालायला शिकलेला असतो. ती काढून घेतली की तो खवळतो. घोट गेला की बशी स्थिर होते, यावरूनच हे ओळखायचं.

अशा माणसाला कोंडून एकदम बंद केलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो: अंगावर किडे चालताहेत, दारात कोणी उभं आहे, घरचीच माणसं ओळखू येत नाहीत, ताप, घाम, धडधड. लोक याला बाहेरचं समजतात आणि देवऋष्याकडे नेतात. यात जीव जातो. सासूबाईंना माझ्या नावानं सांगा, त्यांची तळमळ खरी आहे. शपथेनं आणि माळेनं सुटलेली माणसं मीही पाहिली आहेत. फक्त आधी औषध, मग शपथ. दारू सोडवताना आम्ही आठवडाभर कमी कमी करत नेणाऱ्या गोळ्या देतो, त्यानं मेंदू शांत राहतो, आणि बी-१ जीवनसत्त्व देतो. हे जीवनसत्त्व दिल्याशिवाय रोजच्या पिणाऱ्याला ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून गल्लीतल्या कुणाकडून बाटली लावून घेऊ नका.

पावडर आज फेकून द्या. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते कुणी लिहीत नाही. दारूशी न जमणारं औषध नकळत पोटात गेलं आणि वर पेग गेला, तर रक्तदाब कोसळतो, हृदय बंद पडू शकतं. आणि मालकांना ते कधी कळलं, तर तुमच्या हातचं जेवण ते पुन्हा विश्वासानं खाणार नाहीत.

गटारीची वाट न बघता या आठवड्यातच कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. दाखवेपर्यंत घरातली दारू एकदम तोडू नका. ते यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर बोला. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आधी कधी फिट आली होती का, शेवटचं पिणं किती वाजता होतं, रोज किती लागते, हे कागदावर लिहून न्या. चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्याही घ्या. आणि मधल्या काळात फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सारा, कांदा-चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, १०८ लावा.