शेळ्यांचा जबडा सुजतोय, आयव्हरमेक्टिननं फरक नाही : काय करावं?

प्रश्न (भंडारा जिल्हा) : बोडीकाठी (लहान तळ्याकाठी) चरणाऱ्या सहा शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी भरलं आहे. दुकानदारानं आयव्हरमेक्टिनची दोन इंजेक्शनं दिली, उपयोग नाही. आता क्लोझॅन्टेल (कृमींचं दुसरं औषध) दुप्पट द्या म्हणतो.

उत्तर : भाऊ, दुप्पट अजिबात देऊ नका. क्लोझॅन्टेलचा जादा डोस शेळीला कायमचं आंधळं करू शकतो. आधी लेंडी तपासा.

बोडी, तळं, धानाची बांधी म्हटलं की मला पहिला संशय पर्णकृमीचा, म्हणजे यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीचा येतो. गोगलगायीतून सुटलेली त्याची पिल्लं गवतावर चिकटतात आणि चाऱ्यातून पोटात जातात. आयव्हरमेक्टिन गोल कृमी, खरूज यांच्यासाठी आहे. पर्णकृमीवर ते चालत नाही. शंभर इंजेक्शनं टोचली तरी नाही.

मेलेल्या शेळीचं यकृत चिरा, पित्तनळीतून पानासारखा करडा कृमी निघेल. भिंगाखाली अंगावर बारीक काटे दिसतात. त्याचं आवरण म्हणजे मेलेलं कातडं नव्हे. अंगभर एकच अखंड जिवंत थर, मध्ये पेशींच्या भिंती नाहीत. पेशींची केंद्रकं खाली, स्नायूंच्याही आत. तिथून बारीक नळ्यांतून लेपाचा माल वर येतो आणि वरच्या पडद्यावरचा साखर-प्रथिनांचा लेप सतत नवा होतो. शेळीच्या रक्तातली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) लेपाला चिकटली की कृमी लेपच झटकून टाकतो. याच आवरणातून तो ग्लुकोजही शोषतो. लेप असा झटकला जातो, म्हणून एकदा लागण झालेली शेळी पुढच्या वर्षी पुन्हा सापडते.

ट्रायक्लाबेंडाझोल हे औषध हा मालपुरवठाच तोडतं. आवरण फाटतं, कोवळे कृमीही मरतात. ऑक्सिक्लोझानाइड मात्र फक्त मोठ्या कृमींवर चालतं. धान कापणीच्या सुमारास ते एकदाच पाजून मोकळे झालात तर यकृतातली पिल्लं तशीच वाढतात. कोवळा कृमी अंडी घालत नाही, म्हणून तेव्हा लेंडीत काही दिसलं नाही तरी निर्धास्त राहू नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

ऑक्सिक्लोझानाइड किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या शेळीला ३०० मिलिग्रॅम. वजन करा, डोळ्यानं अंदाज नको, दुकानदाराच्या बोटानं तर नकोच. गाभण शेळी किंवा दूध घरात वापरत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही औषध नको.

शेळ्यांचा विमा राष्ट्रीय पशुधन अभियानात निघतो, कानात बिल्ला हवा. बाकी दवाखान्यात विचारा.

माझा आग्रह एकच : बोडीच्या काठाला काटेरी कुंपण घाला, पाणी टाक्यात पाजा. तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) पाण्यात बुडालेला बुंध्याकडचा भाग शेळीला घालू नका, वरचाच कापून वाळवून द्या. आणि दुकानात जाण्याआधी लेंडी घेऊन दवाखान्यात या.