‘आज शाळेत काय शिकलीस?’ – ‘काही नाही’

पालकांचे प्रश्न

या खेपेस आलेली बहुतेक पत्रे एकाच काळजीभोवती फिरतात. मूल रोज शाळेत जाते, दप्तर घेऊन परत येते, पण आठवडा संपला तरी त्याने नेमके काय शिकले याचा घरच्यांना पत्ता लागत नाही. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी ३१ वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले असल्यामुळे उत्तरांना टाचणवहीचा, म्हणजे शिक्षकाच्या पाठनोंदींच्या वहीचा, वास आला, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. रोज संध्याकाळी ‘आज काय शिकवलं?’ असे विचारले की ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. दर रविवारी मी तिच्या वह्या पाहते. मागच्या आठवड्यात गणिताची दोन पाने, मराठीचे दीड पान आणि परिसर अभ्यासाच्या वहीत फक्त एक चित्र, एवढेच होते. शेजारच्या मुलाच्या वह्या मात्र भरभरून असतात. शाळेत खरोखर काही शिकवतात की नाही? बाईंना विचारले तर त्यांना तक्रार वाटेल, म्हणून आपल्याला विचारते. – एक आई, इंदिरानगर

उत्तर : आपण वह्या पाहता ही चांगली गोष्ट आहे, मात्र वही हे शिकण्याचे शेवटचे टोक असते आणि आपण त्यावरून सगळा आठवडा मोजत आहात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. आठवड्याच्या या बावीस-चोवीस तासांपैकी लिहिण्यात गेलेला वेळ थोडा असतो, आणि तिसरीत तो थोडाच असावा असे माझे मत आहे.

गणिताच्या त्या दोन पानांचेच पाहू. तिसरीत तीन अंकी संख्यांची वजाबाकी येते आणि त्यात शून्य आले की वर्ग अडतो. ३०२ मधून १५८ वजा करा असे फळ्यावर लिहिले की सुरुवातीला कित्येक मुले २५६ हे उत्तर देतात. हे उत्तर निष्काळजीपणाने आलेले नसते, त्यामागे मुलांचा स्वतःचा एक नियम असतो : प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. आठातून दोन गेले सहा, पाचातून शून्य गेले पाच, तिनातून एक गेला दोन. खरे उत्तर १४४ आहे हे बाईंनी सांगितले आणि मुलांनी उतरवून घेतले, तर वही भरते. मुलांच्या डोक्यातला नियम मात्र जागचा हलत नाही. तो हलवायचा असेल तर काड्यांचे गठ्ठे काढावे लागतात. शंभर काड्यांचे तीन मोठे गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलांसमोर ठेवायच्या, त्यांतून आठ काड्या मागायच्या आणि गप्प बसायचे. मुले आधी दशकाच्या घरात शोधतात, तेथे काही नाही असे पाहतात, मग कोणीतरी शंभराचा गठ्ठा सोडून दहा दशक करते आणि त्यांतला एक दशक सोडून दहा सुट्या काड्या करते. यात दोन तासिका सहज जातात आणि वहीत एक अक्षरही उमटत नाही. तिसऱ्या दिवशी हेच फळ्यावर, चौथ्या दिवशी वहीत आणि पाचव्या दिवशी शाब्दिक उदाहरणांत येते. आपल्या मुलीच्या वहीत त्या आठवड्याची दोन पाने आहेत, याचा अर्थ तिच्या बाई बहुधा या वाटेने गेल्या असाव्यात. तसे झाले आहे की नाही हे पाहणे सोपे आहे : तिला ३०२ – १५८ करायला द्या आणि तिच्याकडून कारण ऐका. ती ‘शंभर सुटा केला’ असे म्हणाली, तर आठवडा सार्थकी लागला असे समजावे.

परिसर अभ्यासाचे ते एकुलते एक चित्र कसले होते हे आपण लिहिलेले नाही. तिसरीचे हे पुस्तक बालभारतीने जिल्हावार काढले, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांच्या हाती नाशिक जिल्ह्याचे पुस्तक येते आणि धड्यातला परिसर खरोखरच त्यांचा परिसर असतो. घरातल्या नळाला पाणी येते कोठून, हा विषय घेतला तर मुले नळापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत, तेथून रस्त्याकडेच्या जलकुंभापर्यंत, मग जलशुद्धीकरण केंद्र, मग गंगापूर धरण, मग गोदावरी आणि शेवटी त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी अशी मागे मागे जातात. माझ्या वर्गात एकदा एका मुलाने ब्रह्मगिरीवर पाणी कोण भरते असे विचारले आणि त्यावर मुलांनी पुढची अख्खी तासिका वाद घातला. त्या दिवशी त्याच्या आईला वहीत एक वेडावाकडा डोंगर आणि एक निळी रेघ एवढेच दिसले असेल.

मराठीचे दीड पानही असेच समजून घ्यावे. एका पाठाचे प्रकट वाचन, अवघड शब्दांचा अर्थ, जोडाक्षरे, मुलांनी आपल्या शब्दांत सांगणे, मग श्रुतलेखन आणि अखेरीस स्वाध्याय, असा साधारण आठवड्याचा क्रम असतो आणि वहीत फक्त शेवटच्या दोन गोष्टी येतात. मार्च २०२४ पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहे, तेव्हा शनिवारच्या तारखेखाली वहीत काही नसले तर त्याचे आश्चर्य वाटू देऊ नये.

आता ‘काही नाही’ या उत्तराविषयी. दिवसभरात परिपाठ, सहा-सात तासिका, मधली सुट्टी, एखादे भांडण आणि एखादी समेट एवढे घडून गेल्यावर ‘काय शिकलीस’ हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलीला फार मोठा पडतो. मुलगी टाळत नाही, कोठून सुरुवात करावी हे तिला कळत नाही. प्रश्न लहान करा. आज फळ्याजवळ कोणाला बोलावले, परिपाठात गोष्ट कोणी सांगितली, बाई कोणत्या गोष्टीवर हसल्या, असे विचारले की त्या धाग्याला धरून धडाही बाहेर येतो. आणि हे ती घरात पाऊल टाकताच विचारू नये. पोटात काही गेल्यावर विचारावे.

बाईंना जरूर भेटा. ‘तुम्ही काय शिकवता’ असे विचारले तर ती तक्रार होते. ‘या महिन्यात कोणते घटक आहेत, घरी काय बोलत राहू’ असे विचारले तर कोणत्याही शिक्षिकेला बरेच वाटते. प्रत्येक शिक्षकाकडे वार्षिक आणि मासिक नियोजन लिहिलेले असते. शिवाय २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात तिसरी-चौथीला शंभरांपैकी साठ गुणांचे आकारिक मूल्यमापन वर्षभर तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, दैनंदिन निरीक्षण अशा साधनांनी केले जाते आणि उरलेले चाळीस गुण संकलित मूल्यमापनाचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे असतात. म्हणजे आपल्या मुलीविषयी वहीबाहेरच्या नोंदी बाईंकडे असायला हव्यात. त्या नोंदींबद्दल विचारल्यावर बाईंना तिच्याविषयी दोन वाक्येही सांगता आली नाहीत, तर मात्र आपली शंका रास्त आहे असे मी म्हणेन. शेजारच्या भरलेल्या वह्यांचे मला फारसे कौतुक नाही. फळ्यावरची उत्तरे उतरवूनही वह्या भरतात.

प्रश्न : नातू दुसरीत आहे. ७२ ला तो ‘सत्तर दोन’ म्हणतो आणि ‘बहात्तर’ म्हटले की माझ्याकडे पाहत राहतो. आमच्या वेळी दुसरीत वीसपर्यंत पाढे, शिवाय पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) पाठ असे. ही मुले आठवडाभर शाळेत करतात तरी काय? – एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, हा वाद जून २०१९ मध्ये महाराष्ट्रभर गाजला होता. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ असे संख्यावाचन आले आणि वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा स्पष्ट केले होते की जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, सोप्या वाचनाची पायरी त्यांच्या जोडीला दिली आहे. तेव्हा नातवाला ‘बहात्तर’ ठाऊक असायला हवे, हे आपले म्हणणे बरोबरच आहे.

मात्र त्या पायरीची गरज का भासली हे आपण थोडा वेळ सात वर्षांचे होऊन पाहावे. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना सहा आधी लिहावे लागतात. त्यामुळे कित्येक मुले ६३ ऐकून ३६ लिहितात. ‘एकोणसाठ’ हा शब्द तर साठाचा भास करून देतो आणि संख्या मात्र पन्नासाच्या घरात निघते. शिवाय त्रेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणसत्तर यांतली जोडाक्षरे ज्या वयात नीट वाचता येत नाहीत, त्याच वयात ही नावे शिकायची असतात. ‘सत्तर दोन’ म्हटल्याने सात दशक आणि दोन एकक हे मुलाच्या कानालाच कळते. मी स्वतः पुस्तक बदलण्याच्या कितीतरी आधीपासून अडलेल्या मुलांना असेच सांगत असे, फक्त तेव्हा त्याची बातमी होत नव्हती.

आपण काय करावे? नातवाला चुकीचे ठरवू नये. तो ‘सत्तर दोन’ म्हणाला की आपण सहज ‘म्हणजे बहात्तर’ असे म्हणावे. जिन्याच्या पायऱ्या, बसचे क्रमांक, भाजीवाल्याचा हिशेब, जेथे संख्या दिसेल तेथे हा खेळ चालू ठेवावा. पाढ्यांच्या बाबतीत मी निम्मी आपल्या बाजूची आहे. पाढे तोंडात बसलेच पाहिजेत, पण ‘बे त्रिक सहा’ म्हणजे दोन-दोनचे तीन गट हे चिंचोके मांडून कळल्यानंतर. पावकी-निमकी त्या काळच्या आणे-पायलीच्या व्यवहाराला लागत होती. आज ती शाळेच्या तासिकेत मावणार नाही. तरीही आजोबांच्या तोंडून ‘पाव, अर्धा, पाऊण’ ऐकण्यात मुलांना गंमत वाटते आणि पुढे अपूर्णांक शिकताना ती फार उपयोगी पडते. ते काम शाळेपेक्षा आपणच चांगले कराल.

प्रश्न : मुलगा पहिलीत आहे आणि शाळेतून गृहपाठ अजिबात देत नाहीत. मी कारखान्यात पाळीवर असतो, अभ्यास घेता येत नाही, म्हणून त्याला शिकवणी लावावी काय? – एक वडील, सातपूर

उत्तर : लावू नये. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असावा, असे म्हटले आहे. शाळा त्याप्रमाणेच वागत आहे. पाळीहून आल्यावर दहा मिनिटे मांडीवर घेऊन एखादी गोष्ट वाचून दाखवा, आणि वाचताना शब्दाखालून बोट फिरवा.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. कावीळ झाल्यामुळे तीन आठवडे शाळा बुडाली. मैत्रिणीने तिच्या मुलाच्या सगळ्या वह्यांचे फोटो मोबाइलवर पाठवले आहेत. रोज रात्री आम्ही ते उतरवून काढतो, पण तो रडकुंडीला येतो आणि अजून निम्मेही झालेले नाही. – एक आई, निफाड

उत्तर : उतरवणे आजच थांबवा. आजारातून उठलेल्या मुलाने दुसऱ्याच्या वहीतील अक्षरे आपल्या वहीत आणल्याने बुडालेला भाग भरून निघत नाही, आणि वही पूर्ण हवी असा आग्रह शाळेने धरला असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवून सवलत मागावी.

सर्व विषय सारख्या घाईने भरून काढण्याची गरज नसते. परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो. त्यातले दोन-तीन पाठ राहिले असतील तर ते गोष्टीसारखे वाचून दाखवा, मुलगा अंथरुणात पडून ऐकेल आणि बहुधा आणखी मागेल. भाषेचा एखादा पाठ राहिला तरी पुढचा पाठ अडत नाही, फक्त कविता राहिली असेल तर चालीवर म्हणून घ्यावी, कारण वर्गात सगळे एका सुरात म्हणत असताना गप्प राहावे लागणे मुलाला लागते. गणिताचे तसे नाही. तेथे एक पायरी निसटली की वरची पायरी हवेत राहते. त्या तीन आठवड्यांत भागाकार सुरू झाला असेल, तर सोमवारी बाईंना भेटून एवढेच विचारावे की भागाकार कोणत्या पद्धतीने शिकवला आणि बाकी उरणारी उदाहरणे घेतली का. मग घरी चोवीस शेंगदाणे पाच वाट्यांत सारखे वाटायला द्या, उरलेले चार त्याला खाऊ द्या, आणि हेच तो कागदावर मांडू शकतो का ते पाहा. काविळीनंतर तेलकट वर्ज्य असेल, तर शेंगदाण्यांऐवजी मनुका घ्या. निफाडला त्यांची वाण नाही.

रोज वीस मिनिटे, आठवडाभर, तेही संध्याकाळी उजेड असताना करावे. राहिलेल्या वह्यांचे फोटो मोबाइलमधून काढून टाकले तरी चालतील.