व्हिडिओ की नेटवर्क? दोन्हींच्या सांध्यावरचं काम

तुझं पत्र वाचलं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, व्हिडिओ प्रोसेसिंग आणि नेटवर्किंग दोन्ही आवडतं, घरचे म्हणतात 'एक काय ते धर'. शिवाय तुला भीती, की क्लाउड कंपन्यांनी सगळं तयारच ठेवलंय, आपल्याला काय उरणार?

माझ्या मते तू दोन्हींच्या सांध्यावरचंच काम धर. चालू संवादातल्या आवाज-चित्रावरची प्रक्रिया नेटवर्कवरून सेवा म्हणून पुरवायची, ते हे काम.

दहा जणांचा व्हिडिओ कॉल घे. मधल्या सर्व्हरने सगळ्यांची चित्रं उलगडून, एकत्र करून पुन्हा एन्कोड करायची, की चित्रं न उलगडता डेटाची पॅकेट्स तशीच पुढे पाठवायची? पहिल्या पद्धतीला एमसीयू म्हणतात. तिथे सर्व्हर दमतो. दुसरी एसएफयू, तिथे प्रत्येकाकडे नऊ प्रवाह येऊन थडकतात. पार्श्वभूमी धूसर करणं, गोंगाट गाळणं हे फोनवर करायचं, जवळच्या एज सर्व्हरवर की दूरच्या क्लाउडवर? तयार सेवा विकत मिळते, पण हा निर्णय कुणीतरी समजून घ्यावाच लागतो.

आणि तो मिलिसेकंदांच्या हिशेबावर ठरतो. संभाषणात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ शिफारस सांगते. फायबरमधून हजार किलोमीटर जायला साधारण ५ मिलिसेकंद पुरतात. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम थांबवून धरली की ३३ गेले! म्हणून 'सर्व्हर जवळ आणला की झालं' यावर विसंबू नकोस.

या सुट्टीत एवढं करच. दोन लॅपटॉपवर वेबआरटीसी, म्हणजे ब्राउझरमधूनच होणारा थेट आवाज-चित्राचा कॉल लाव. लिनक्सच्या नेटेमने, म्हणजे नेटवर्कमध्ये मुद्दाम बिघाड घडवणाऱ्या साधनाने, १०० मिलिसेकंदांचा स्थिर उशीर घाल. आवाज उशिरा येईल, पण नीट येईल. मग तोच उशीर ४० मिलिसेकंदांनी कमी-जास्त होऊ दे आणि क्रोमच्या वेबआरटीसी-इंटर्नल्स पानावर जिटर बफरचा (मागेपुढे येणारी पॅकेट्स थोडी थांबवून सलग वाजवणाऱ्या साठ्याचा) आलेख कसा चढतो ते बघ. आवाज अखंड ठेवायची किंमत उशिरात मोजावी लागते, हे तिथे डोळ्यांना दिसतं. मला हा प्रयोग फार आवडतो.

सोबत आरटीपीचा, म्हणजे थेट आवाज-चित्र नेटवर्कवरून पाठवायच्या नियमांचा, २००३ सालचा आरएफसी ३५५० हा मानक दस्तऐवज सावकाश वाच. सी++ पक्की कर, जीस्ट्रीमर ही आवाज-चित्रावर प्रक्रिया करणारी सॉफ्टवेअर चौकट हाताळ.

एम.टेक.चा निर्णय पुढच्या वर्षी घेऊ. आधी हे आलेख आणि तुझी निरीक्षणं चार पानांत लिहून मला पाठव.