जुन्या रिव्हॉल्व्हरची माशी हलत असेल तर काय करावं?

तुमच्या वडिलांच्या परवान्यावर आजोबांच्या काळातलं इंग्लिश रिव्हॉल्व्हर आहे, नळीच्या टोकाची माशी (नेम धरायचा छोटा उंचवटा) बोटानं डावीउजवीकडे हलते, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, कुणाकडून चांदीचा डाख मारून ती पक्की करावी का, असा तुमचा प्रश्न आहे. डाख अजिबात मारू नका. उद्यमनगरातल्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण हे काम तिथलं नाही.

एक कारण उष्णतेचं. चांदीच्या डाखाला 600 अंश सेल्सिअसच्या वर ताप लागतो. पोलादाचा रंग 300 अंशांच्या आतच बदलायला लागतो. म्हणजे इतकी वर्षं टिकलेली मूळ निळीकाळी झिलई नळीच्या तोंडाशी कायमची गेली. दुसरं कारण कायद्याचं. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. त्यामुळे शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेला कारागीर गाठा आणि त्याचा परवाना बघायला मागा, त्यात संकोच नको. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर सराव करणाऱ्यांना विचारलंत तर नाव कळेल. आणि हो, परवाना वडिलांचा आहे, तुमचा नाही. दुरुस्तीसाठी नेताना वडील सोबत हवेत किंवा त्यांचं लेखी अधिकारपत्र तुमच्या खिशात हवं. कलम 3 मध्येच ही सवलत आहे, त्यापलीकडे नाही.

आता मूळ दुखण्याकडे. रिव्हॉल्व्हर उघडून काडतुसांची सगळी घरं रिकामी असल्याची खात्री वडिलांनी करावी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मग माशीचं बूड उजेडात नीट बघा. काही रिव्हॉल्व्हरांची माशी नळीबरोबर एकसंध असते, ती हललीच तर तडा गेलाय असं समजा. पहिल्या महायुद्धातल्या वेब्ली मार्क 6 सारख्यांची पाती, म्हणजे माशीचा उभा पातळ भाग, स्क्रूवर बसते. बऱ्याच जुन्या रिव्हॉल्व्हरांत ती खाचेत बसवून आडव्या पिनेनं अडकवलेली असते. तुम्ही लिहिलंय की बुडाशी दोन्ही बाजूंना बारीक ठिपका दिसतो. ती पिनच असणार, आणि झिजलेली पिन हे बरं होणारं दुखणं आहे.

कारागीर आधी पिनेवर भेदक तेल सोडून रात्रभर ठेवेल, नळी चामडं लावलेल्या शिकंज्यात धरेल आणि योग्य जाडीच्या पंचनं पिन बाहेर काढेल. घाईनं ठोकलं तर भोक लंबगोल होतं, मग नवी पिनही सैलच बसते. भोक गोल असेल तर किंचित जाड पिन पुरते. पाती खाचेतच सैल असेल तर बाजूला पितळेची पातळ पट्टी घालून, स्क्रू पक्का करणारं निळं लॉकटाइट लावून बसवता येते. झटपट चिकटणारा घरगुती गोंद गोळीबाराच्या धक्क्यांनी तडकतो, तो नको. काढलेली जुनी पिन आणि पाती टाकू देऊ नका, पुडीत बांधून परत मागा. जुन्या वस्तूची किंमत जाणणारा माणूस आधी हेच विचारतो. काम सुरू होण्याआधी माशीची उंची मोजून फोटो काढून ठेवा.

एवढा खटाटोप का, तर माशी आणि नेम धरायची मागची खाच यांत समजा 18 सेंटिमीटर अंतर आहे. माशी अर्धा मिलिमीटर सरकली की 25 मीटरवर गोळी साधारण 7 सेंटिमीटर बाजूला जाते. हे तेच अंतर, ज्यावरच्या पिस्तूल प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं.

माशी बसली की नेम तपासणं परवानगी असलेल्या रेंजवर, वडिलांच्याच हातून, वाळूच्या पिशवीवर टेकून. गोळ्या खाली लागत असतील तर माशी उंच आहे, ती कानशीनं थोडी थोडी उतरवता येते. वर लागत असतील तर उंच पातीच लागेल. म्हणून नवी पाती घालायची वेळ आलीच, तर ती जरा उंच ठेवायला सांगा.