अमळनेरहून अमेरिकेत शिकायला गेलेली मुलगी विद्यापीठातल्या चॅप्लिनकडे, म्हणजे विद्यार्थ्यांना भावनिक-आध्यात्मिक आधार देणाऱ्या धर्मसेवकाकडे, मन मोकळं करायला जाते. ते धर्म बदलायला लावतात का?

नाही ताई, निर्धास्त राहा. मोठ्या विद्यापीठांत हिंदू, मुस्लिम, ज्यू, ख्रिस्ती, बौद्ध असे वेगवेगळे चॅप्लिन असतात आणि धर्मांतरासाठी गळ घालायची नाही, हा त्यांच्या कामाचा दंडकच असतो. तिथे शिकताना मी विद्यार्थी मदत कक्षात काम केलंय, त्यावरून सांगतो: ते उपदेश कमी करतात, ऐकतात जास्त. देव न मानणाराही जाऊ शकतो. हार्वर्डच्या चॅप्लिनांनी २०२१ मध्ये ग्रेग एपस्टाइन या निरीश्वरवादी माणसालाच अध्यक्ष निवडलं. श्रावणात घरी कानबाईचे रोट होत असताना तिकडे एकट्या पडलेल्या पोरीला असं कुणी भेटणं फार मोलाचं आहे. तिला अडवू नका. तिथं काय बोलली हेही खोदून विचारू नका, ते तिचं खासगी आहे.

फक्त एक लक्षात ठेवा. चॅप्लिन म्हणजे डॉक्टर नव्हे. झोप उडाली, जेवण सुटलं किंवा जगणं नको असं ती बोलू लागली, तर विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र गाठायला सांगा. तातडीच्या वेळी अमेरिकेत ९८८ हा मानसिक संकटातल्या मदतीचा फोन क्रमांक चोवीस तास चालू असतो.