कुंडीत पसरलेली वेल खरी ब्राह्मी आहे का? मुलाला दहावीसाठी रोज पानं द्यावीत का?

तुम्ही लिहिलंय की पानं गोल, कडेला कातरलेली, एका देठाला एकच पान आणि वेलीचा दोरा मातीला टेकेल तिथे मुळं फुटतात. म्हणजे ती मंडूकपर्णी. कोकणात आम्ही तिला एकपानी म्हणतो, कुठे कारिवणाही म्हणतात. नर्सरीवाल्याने फसवलेलं नाही. आपल्याकडे ब्राह्मी या नावाने दोन वनस्पती सर्रास विकल्या जातात. दुसरी जलब्राह्मी: पानं बारीक, मांसल, जोडीजोडीने, फुलं फिकट जांभळी आणि चव कडूजार. दोघींचं नातं काहीच नाही. एकपानी कोथिंबिरीच्या कुळातली, जलब्राह्मी इसबगोलाच्या.

बुद्धिवर्धक म्हणून तुमची एकपानीही मान्यवरच. चरकाने सांगितलेल्या चार मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या औषधांत, पहिला मंडूकपर्णीचा स्वरसच (ताजा रस) येतो. मात्र स्मरणशक्तीवरचे आधुनिक प्रयोग बरेचसे जलब्राह्मीवर झालेत, तेही बहुधा मोठ्या माणसांवर, अर्क रोज ठरावीक मात्रेत 12 आठवडे देऊन. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चार पानं चघळून गणित सुटत नाही. एकपानीचं दुसरं जुनं काम जखमा आणि त्वचाविकार. तिच्यातला एशियाटिकोसाइड हा घटक आज महागड्या क्रीममध्ये असतो, आणि आम्ही ती माडाच्या आळ्यातून उपटून फेकत होतो!

रोज रस काढून पाजायच्या मात्र मी विरोधात आहे. जास्त दिवस घेतल्यावर यकृताला त्रास झाल्याच्या काही नोंदी आहेत. गरोदरपणातही टाळतात. मुलाला फिटची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर आधी वैद्यांना विचारा.

खायचीच तर आमच्या आजीसारखी खा: मूठभर पानं, ओलं खोबरं, हिरवी मिरची, जिरं, मीठ वाटायचं आणि वाटणात ताक घालायचं. कर्नाटकच्या किनाऱ्यावर हीच तंबळी भाताबरोबर असते. आठवड्यातून एकदोनदा पुरे. मुलगा नाक मुरडेल, मीही मुरडायचो.

कुंडी अर्ध्या सावलीत ठेवा, माती सुकू देऊ नका. आणि गटाराच्या काठी, शेताच्या पाटात माजलेली फुकटची ब्राह्मी उपटून आणू नका. जलब्राह्मी पाण्यातलं कॅडमियम, हा विषारी धातू, स्वतःत साठवते, आणि ते धुऊन जात नाही.