जर्मनीत फ्लॅट की खानापुरात शेत? यंदा दोन्ही नको

स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, शिक्षण बेळगावात, मग पुण्यात नोकरी आणि दोन वर्षांपूर्वी ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, जर्मनी. सोबत पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. तिकडे शिल्लक 38,000 युरो. इकडे पुण्याच्या पगारातून साठलेले 22 लाख रुपये जुन्याच बचत खात्यात आणि एफडीत पडून आहेत. शिवाय गेल्या दोन वर्षांत वडिलांना पाठवलेले 9 लाख आप्पांनी बेळगावातल्या एका क्रेडिट सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, साडेनऊ टक्क्यांनी ठेवले आहेत. घराला लागून असलेलं चुलत्यांचं एक एकर शेत 35 लाखांना निघालं आहे. आप्पांचं म्हणणं, ‘घे की, घरची जमीन बाहेर जायला नको.’ पत्नीचं म्हणणं, भाडं भरत किती वर्षं काढायची, इथेच 4,20,000 युरोचा फ्लॅट बघून ठेवलाय तो घेऊ. दोघांचीही मनं राखायची आहेत, तर काय करावं, असा प्रश्न आहे.

माझं उत्तर शीर्षकात आलंच आहे. आता कारणं. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरतो.

आधी शेताचं बघू, कारण तिथे तुमच्या मर्जीचा प्रश्नच नाही. नोकरीसाठी परदेशी स्थायिक झालेला माणूस फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या लेखी अनिवासी. अनिवासी भारतीयाला फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं, एनए झालेला प्लॉट घेता येतो. शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. आपल्याकडे गोंधळ होतो तो 2020 मुळे. त्या वर्षी कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली कलमं काढून टाकली आणि शेतकरी नसलेल्यालाही इथे शेत घेता येऊ लागलं. पलीकडे महाराष्ट्रात अजून शेतकरी असल्याचा दाखला लागतो. त्यामुळे ‘कर्नाटकात आता कुणीही शेत घेतं’ हे वाक्य खानापुरापासून निपाणीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते राज्याच्या कायद्यापुरतं खरं आहे. फेमा केंद्राचा आहे आणि तो जागचा हललेला नाही. मोडला तर दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. सब-रजिस्ट्रार कचेरीत दस्त नोंदला गेला म्हणजे सुटलो, असं समजू नका.

मग पुढचा सल्ला तुम्हाला घरातूनच मिळाला असेल: आप्पांच्या नावावर घे, तुझंच आहे. इथे जरा थांबा. आप्पांना तुम्ही मनापासून पैसे दिले आणि त्यांनी स्वतःसाठी शेत घेतलं, तर भारतात त्यात काही वावगं नाही, त्यांना त्यावर करही लागत नाही. पण पैसे माझे, नाव त्यांचं, मालक मीच, असा मनात हिशेब असेल तर तो बेनामी व्यवहार होतो. आईवडिलांच्या नावे घेण्याची सवलत कायद्यात आहे, पण दस्तावर दोघांचीही नावं संयुक्त मालक म्हणून असावी लागतात, आणि शेताच्या दस्तावर तुमचं नाव येऊच शकत नाही. म्हणजे ती वाटही बंद.

आणि खरंच बक्षीस दिलं तरी जर्मनी मध्ये येते. तिथे राहणाऱ्याने कुठल्याही देशातल्या माणसाला दिलेल्या बक्षिसावर बक्षीस कर आहे. मुलाने बापाला द्यायची करमुक्त मर्यादा दहा वर्षांत अवघी 20,000 युरो. आधीचे 9 लाख आणि आताचे 35 लाख मिळून 44,000 युरो झाले. वरच्या 24,000 वर 15 टक्के, म्हणजे 3,600 युरो कर. आईची मर्यादा वेगळी मोजतात, त्यामुळे वाटून देता येईल. दिल्यावर तीन महिन्यांत तिथल्या कर कार्यालयाला कळवायचं असतं. आईवडिलांच्या घरखर्चासाठी तुम्ही दरमहा बेताची रक्कम पाठवता ती यात धरत नाहीत, पण एकरकमी 35 लाखांना घरखर्च म्हणता येणार नाही.

पत्रासोबत पाठवलेला उताऱ्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. कॉलम 9 मध्ये चुलत्यांसोबत आणखी दोन नावं आहेत आणि कॉलम 11 मध्ये पीकेपीएसच्या, म्हणजे गावच्या कृषी पतसंस्थेच्या, पीककर्जाचा बोजा आहे. ती दोन नावं कुणाची, त्यांची संमती आहे का, कर्ज कोण फेडणार, यातलं पत्रात काहीच नाही. आप्पांना स्वतःच्या पैशाने शेत घ्यायचं असलं तरी हे आधी सुटायला हवं. आणखी एक विचारतो, रागावू नका. बहिणीला यातलं काही सांगितलंय का? आप्पांनी मृत्युपत्र केलं नाही तर हिंदू वारसा कायद्याने आई, बहीण आणि तुम्ही सारखेच वाटेकरी. वारसाने आलेलं शेत अनिवासी माणसाला ठेवता येतं, तेव्हा आज तुमच्या नावाचा हट्ट नसला तरी उद्या तुमचा वाटा बुडत नाही.

आता फ्लॅट. तो घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, आडवं येतं ते गणित. किमतीवर बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 5 टक्के हस्तांतर कर म्हणजे 21,000 युरो. नोटरी आणि जमीन नोंदणी मिळून साधारण 2 टक्के, 8,400. दलालाचे खरेदीदाराच्या वाट्याचे 3.57 टक्के, 15,000. किल्ली हातात यायच्या आत 44,400 युरो गेले, आणि हे पैसे बँका सहसा तुमच्याच खिशातून मागतात. तिकडचे 38,000 आणि इकडचे 22 लाख सगळे ओतले तरी 60,000. म्हणजे घराच्या किमतीत घालायला उरले 15,600. बाकी 4,04,400 कर्ज. बँकेने तुम्हाला सांगितलेला 3.8 टक्के दर आणि वर्षाला 2 टक्के मुद्दल धरलं तर हप्ता 1,950 च्या आसपास, त्यावर इमारतीचा मासिक खर्च तुम्ही लिहिलाय 350. झाले 2,300. आज भाडं, हीटिंग धरून, 1,450 देताय. दहा वर्षं हप्ते भरूनही तीन लाखांच्या वर कर्ज शिल्लक राहील.

तुमच्या हातात येणारा पगार 3,900, मुलीचं किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, 259. पगार नियमित येतोय तोवर ओढाताण करून निभावेल. पण तुम्ही वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहात, आणि त्या पट्ट्याची हवा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. 2025 च्या सप्टेंबरात एकट्या बॉशने वाहन विभागातून 13,000 नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. दोन वर्षं विमा भरल्यामुळे नोकरी गेली तर तुम्हाला बारा महिने बेकारभत्ता मिळेल, मूल असल्याने निव्वळ पगाराच्या 67 टक्के. म्हणजे 2,610 आणि किंडरगेल्ड, मिळून 2,870. फ्लॅटचा खर्च वजा केला की तिघांच्या जेवणाखाण्याला, विम्याला, बसच्या पासाला 570 युरो. भाड्याच्या घरात त्याच महिन्यात 1,420 उरतील. शिवाय दहा वर्षांचा दर बांधून घेतलेलं कर्ज मधेच फेडून गावी परतायचं ठरलं, तर बँक बुडालेल्या व्याजाची भरपाई मागते. हे सगळं तुमच्या पत्नीला दाखवा. त्यांची इच्छा चुकीची आहे असं मी म्हणत नाही. चार वर्षांनी हाच फ्लॅट कदाचित मीच घ्यायला सांगेन.

मधल्या काळात पैसा कुठे लावायचा? माझ्या मते सगळ्यात आधी जर्मन भाषेवर. ब्लू कार्डावर कायम वास्तव्याचा परवाना जर्मनच्या साध्या, ए-वन पातळीवर 27 महिन्यांनी मिळतो, वरची बी-वन पातळी असेल तर 21 महिन्यांनी. तुमचे 24 झाले, म्हणजे बी-वन केलं असतंत तर अर्ज आधीच गेला असता. आता तीन महिने राहिलेत, पेन्शन भरल्याचे कागद गोळा करायला घ्या. परवाना हातात आल्यावर नोकरी गेली तरी देश सोडायची टांगती तलवार राहत नाही, आणि घरकर्जासाठी बँकही वेगळ्या नजरेने बघते. पत्नीकडे व्हीटीयूची कॉम्प्युटरची पदवी आहे, ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कामाची पूर्ण मुभा आहे, आणि दोन वर्षं त्या घरात आहेत. त्यांच्या बी-टू पर्यंतच्या वर्गांना आणि मुलीच्या जादा तासांच्या किटाला (पाळणाघर-बालवाडीला) वर्षाला तीन-चार हजार युरो लागले तरी लावा. त्यांचा 2,000 चा पगार सुरू झाला की वरचं फ्लॅटचं गणित मुळातच बदलतं. एक एकर शेत इतकं देणार नाही.

38,000 पैकी 18,000 रोज काढता येईल अशा बचत खात्यात ठेवा, हे सहा महिन्यांच्या खर्चाचे. जर्मन बँकेत माणशी एक लाख युरोपर्यंत ठेवींना संरक्षण आहे. उरलेले मुदत ठेवीत, आणि महिन्याच्या बचतीतून 300 युरो जगभरच्या शेअर्सच्या इंडेक्स फंडात. दोघांचं मिळून वर्षाला 2,000 युरोपर्यंतचं व्याज आणि लाभांश करमुक्त आहे, त्याचा फॉर्म बँकेला देऊन ठेवा.

इकडच्या 22 लाखांचं काम मात्र याच महिन्यात करा. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या पैशांचं खातं, करून घ्यावं लागतं. एफडीही त्यातच जाईल. एनआरओच्या व्याजावर बँक 30 टक्के आणि वर सेस कापते. जर्मनीचा कर रहिवासी दाखला आणि त्यासोबतचा ठरलेला फॉर्म दिलात तर दोन देशांतल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार 10 टक्क्यांवर येतं. हे व्याज जर्मनीच्या विवरणपत्रातही दाखवायचं, भारतात कापलेला कर तिथे वजा मिळतो. परदेशी कमाई भारतात ठेवायच्या एनआरई खात्याची ‘एनआरईचं व्याज टॅक्स-फ्री’ ही जाहिरातही भारतापुरतीच. जर्मनीत राहता तोवर तेही तिथे करपात्र, आणि दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप देतात. मुलीच्या सुकन्या खात्यात भर घालणं थांबवा आणि ती परदेशी राहते हे पोस्टात कळवा. तुमचं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू शकतं, पुढे वाढवता येणार नाही.

22 पैकी 10 लाख इथेच एनआरओ एफडीत राहू देत, आप्पांना खातं चालवायचं मुखत्यारपत्र देऊन. रात्री-अपरात्री केएलई इस्पितळात दाखल करायची वेळ आली तर तुमच्या फोनची वाट बघायला लागू नये. बाकीचे 12 लाख तुम्ही फ्लॅट घ्यायचं नक्की कराल तेव्हा सीएचा दाखला घेऊन तिकडे नेता येतील, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतची मुभा आहे.

राहिली सोसायटी. साडेनऊ टक्के कानाला गोड लागतात. बँक, मग ती सहकारी का असेना, बुडाली तर पाच लाखांपर्यंत ठेव विम्यातून मिळते. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा लागू नाही. आप्पांचे त्या सोसायटीच्या चेअरमनशी घरचे संबंध आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि अडचण तिथेच आहे, कारण ठेव मोडायला ते स्वतःहून जाणार नाहीत. मार्चमध्ये मुदत संपतेय. तेव्हा चार-पाच लाख राष्ट्रीयीकृत बँकेत ज्येष्ठ नागरिकांच्या दराने आप्पांच्या नावे, तेवढेच आईच्या नावे. चेअरमनना सांगायला कारण हवं असेल तर माझं नाव सांगा, मला चालेल.